रामकुंडावरची वही

रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्या माणसाला तीर्थोपाध्याय आधी गाव, आडनाव विचारतात. मग घराण्याची वही काढतात. पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होते, हे पुष्कळदा त्यांच्याच सहीनिशी सापडते. त्याखाली गेलेल्याचे नाव लिहिले जाते. दुःख तेवढ्याने सरत नाही. पण आपल्या घराने हे आधीही सोसले आहे, एवढा आधार मिळतो.

दुसरी नोंद सरकारी. १९६९ च्या कायद्याने मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा. तो दाखला घेऊन घरची बाई बँकेत येते. मी बँकेत नोकरी केली. वारसाचे कागद तपासावेच लागतात, हे जाणतो. पण गुरुजी आधी विचारपूस करतात, वही मागाहून उघडतात. बँकेत आणि पालिकेतही तोच क्रम हवा. आधी बसायला खुर्ची, मग अर्ज.