समाजशेतीचा ताळेबंद कसा वाचावा

इंग्लंडमधल्या एखाद्या लहान समाजशेतीचा वार्षिक हिशेब हातात आला, की वाचणारा थेट शेवटच्या ओळीवर जातो. शिल्लक शे-दोनशे पौंड, एखाद्या वर्षी तेवढीही नाही. वर नजर टाकावी तर मध्ये कुठल्या तरी न्यासाचे अनुदान, आणि अहवालाच्या अखेरीस स्वयंसेवकांचे आभार. लगेच निकाल लागतो: ही शेती नव्हे, हौस आहे, दुसऱ्याच्या पैशावर आणि फुकटच्या श्रमावर चालते, अनुदान थांबले की गाशा गुंडाळेल. व्यवहारी समजली जाणारी माणसे हे बोलतात, शेतीतली माणसेही बोलतात. हा निकाल मला चुकीचा वाटतो. त्यातला एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि समाजशेतीच्या पाठीराख्यांनी त्याला आजवर नीट उत्तर दिलेले नाही. म्हणून दोन्ही बाजूंना काही सांगायचे आहे.

आधी प्रकार काय आहे ते पाहू. गावाच्या किंवा शहराच्या कडेला दोन-पाच एकर जमीन, बहुधा भाडेपट्ट्याने. आसपासची काही कुटुंबे सभासद होतात, महिन्याला ठरलेली रक्कम भरतात आणि दर आठवड्याला शेतात जे पिकले असेल त्यातला वाटा घेऊन जातात. पिकवणारे एक-दोन पगारी असतात, सभासदही अधूनमधून खुरपे धरतात. कायद्याने यातल्या काही सहकारी संस्था असतात, काही ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’, म्हणजे समाजहिताची कंपनी. हा कंपनीप्रकार 2004च्या कायद्याने आला आणि 2005पासून अशा कंपन्या नोंदवता येऊ लागल्या. दरवर्षी हिशेबासोबत समाजहिताचा अहवाल द्यावा लागतो. मालमत्तेला कुलूप असते, म्हणजे कंपनी बंद झाली तरी जमीन-अवजारे संचालकांना वाटून घेता येत नाहीत. ती तशाच दुसऱ्या संस्थेकडे जातात. भागधारक असलेच तर लाभांश वाटपायोग्य नफ्याच्या 35 टक्क्यांपलीकडे देता येत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. अशा कंपनीला धर्मादाय संस्थेसारखी करमाफी मिळते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. नफा झाला तर ती इतर कोणत्याही कंपनीसारखाच कंपनी कर भरते.

आता शेवटच्या ओळीकडे येऊ. शिल्लक शून्याच्या आसपास असणे हे अपयशाचे लक्षण मानले जाते, कारण वाचणारा दुकानाचा हिशेब वाचायच्या सवयीने हा हिशेब वाचतो. दुकानात भाव बाजार ठरवतो, खर्च वजा जातो आणि उरेल तो नफा. समाजशेतीचा हिशेब उलट्या बाजूने मांडलेला असतो. हंगामाआधी, थंडीतच, येत्या वर्षाचा खर्च काढला जातो: बियाणे, जमिनीचे भाडे, विमा, डिझेल, दुरुस्ती आणि पिकवणाऱ्यांचा पगार. त्याला सभासदांच्या संख्येने भागले की हप्ता मिळतो. खर्चाएवढेच पैसे गोळा करायचे असे आधीच ठरलेले असेल, तर वर्षअखेर शून्य येणे म्हणजे अंदाजपत्रक बरोबर निघणे.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या टेंपल-विल्टन समाजशेतीने 1986पासून हीच रीत चालवली. शेतकरी सभेपुढे वर्षाचा खर्च ठेवतात आणि प्रत्येक घर आपल्याला झेपेल ती रक्कम कबूल करते. जर्मनीतल्या अनेक समाजशेतींत सरासरी आकडा आधी सांगतात, मग प्रत्येक जण आपला आकडा चिठ्ठीवर लिहितो. बेरीज खर्चाइतकी भरली नाही तर दुसरी फेरी होते. ‘ही श्रीमंतांची भाजी आहे’ या आक्षेपाला यात बरेचसे उत्तर आहे. ज्याच्याकडे जास्त आहे तो जास्त लिहितो आणि कमी पगाराच्या घरालाही तोच वाटा मिळतो. सगळीकडे ही पद्धत नाही, आणि जिथे नाही तिथे तो आक्षेप मलाही मान्य आहे.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. 1979मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली ती उत्पादन खर्चावर आधारित भावाच्या मागणीवर. तिचे संस्थापक शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले की शेती तोट्यात आहे ती शेतकरी अडाणी किंवा आळशी आहे म्हणून नव्हे. खर्च भरून येणार नाही असाच भाव त्याला मिळत राहतो, म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या 2024मधल्या अभ्यासानुसार ग्राहक टोमॅटोसाठी मोजतो त्या रुपयातले सुमारे 33 पैसे शेतकऱ्याकडे पोचतात, कांद्याचे 36 आणि बटाट्याचे 37. समाजशेतीत हा रुपया मधे फुटत नाही. जोशींचा उपाय वेगळा होता, त्यांना बाजार खुला हवा होता. पण खर्च आधी आणि भाव नंतर हा जो प्रश्नाचा गाभा, तो या लहान शेतांनी सरकारकडे न जाता खाणाऱ्यांपुढे ठेवला आणि खाणाऱ्यांनी तो मान्य केला. ज्या हिशेबात हे घडते त्याला हौस म्हणणे मला पटत नाही.

अनुदानाच्या आरोपात तर सरळ अन्याय आहे. ब्रिटन युरोपीय संघात असताना आणि त्यानंतरही काही वर्षे इंग्लंडच्या शेतीला थेट रक्कम मिळायची, ती हेक्टरवर. हेक्टरी सुमारे 230 पौंड. जितकी जमीन मोठी तितका धनादेश मोठा. 2014 ते 2017 या काळातली सरकारी आकडेवारी सांगते की इंग्लंडमधल्या शेती व्यवसायांच्या नफ्यातला सरासरी 60 टक्के भाग या थेट रकमेचा होता. ती काढून घेतली असती तर दर दहातली चार शेते तोट्यात गेली असती. आणि 2015पासून या योजनेची किमान अट पाच हेक्टर, म्हणजे सव्वाबारा एकर, अशी होती. दोन-पाच एकरांवर अनेक घरांची भाजी पिकवणाऱ्याला त्यातला एक पौंडही मिळाला नाही. मोठ्या शेताला दरवर्षी आपोआप येणारी रक्कम ‘शेतीचे उत्पन्न’ म्हणून लिहिली जाते; लहान शेताने अर्ज-विनंत्या करून एकदा मिळवलेले अनुदान मात्र भीक ठरते. ती थेट रक्कम आता टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, आणि मोठे शेतकरी कसे जगणार ही चिंता तिथे मोठ्याने व्यक्त होते. ती रास्तच आहे. तेवढीच रास्त चिंता लहानांचीही व्हायला हवी होती.

उरला तो खरा आक्षेप, फुकटच्या श्रमाचा. इथे मला आमच्याच बाजूशी भांडायचे आहे.

स्वयंसेवकांचे तास नियमाप्रमाणे ताळेबंदात येत नाहीत. पिकवणारा आठवड्याला चाळीस तासांचा पगार घेतो आणि जून-जुलैत साठ तास राबतो, ते वरचे तासही कुठे येत नाहीत. मग अंदाजपत्रक बरोबर निघते खरे, पण ते खऱ्या खर्चाचे नसते. आपल्याकडे कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात हा वाद जुना आहे. ए-2 म्हणजे शेतकऱ्याने खिशातून केलेला खर्च. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की ए-2 अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि भांडवलाचे व्याजही धरले की सी-2. स्वामिनाथन आयोगाच्या दीडपट भावावर भांडण झाले ते नेमके यातला कोणता खर्च धरायचा यावरून. हमीभाव काढताना सरकारने सी-2 धरावा म्हणून मराठी शेतकरी वर्षानुवर्षे आंदोलन करतो, आणि तिकडे समाजशेती स्वतःच्या हाताने ए-2चा हिशेब मांडून ‘आमचे जमले’ असे सभासदांना सांगते. हे बरोबर नाही.

आकड्यांतच बोलू. खालील आकडे नमुन्याचे आहेत, पण पगाराचा दर खरा आहे. समजा 80 सभासद, आठवड्याला 15 पौंड, वर्षाला 50 आठवडे. जमा 60,000 पौंड. ब्रिटनमध्ये एप्रिल 2025मध्ये किमान वेतन तासाला 12.21 पौंड होते. एका पूर्णवेळ माणसाचे वर्षाचे 2,080 तास धरले तर पगार सुमारे 25,400 पौंड. दोन माणसे म्हणजे 50,800. हाती राहतात 9,200 पौंड. त्यात बियाणे, भाडे, विमा, डिझेल, खोके, दुरुस्ती, पगारावरचा निवृत्तिवेतनाचा मालकाचा वाटा. भागत नाही. इथे पिकवणारा स्वतःहून म्हणतो, ‘मी तीन दिवसांचाच पगार घेतो.’ राबतो मात्र सहा दिवस. हिशेब जुळतो, सभा टाळ्या वाजवते, आणि दोन-तीन हंगामांनी तो माणूस थकून निघून जातो. त्याच्याबरोबर त्या मातीची, त्या उताराची, तिथल्या गोगलगायींची माहितीही जाते. हीच बेरीज आठवड्याला 18 पौंडांनी केली असती तर जमा 72,000 झाली असती. आठवड्याचे तीन पौंड सभेपुढे मागायला संकोच वाटला, म्हणून माणूस गमावला.

दुसरी अदृश्य ओळ घसाऱ्याची. पॉलिटनेलचा, म्हणजे प्लास्टिकच्या बोगदेवजा मांडवाचा, कागद घ्या. थंड प्रदेशात टोमॅटो-काकडी त्याच्या आतच होतात आणि हिवाळ्यातली पालेभाजीही त्याच्याच आसऱ्याला असते. तो कागद उन्हाने हळूहळू पिवळट आणि ठिसूळ होतो, सांगाड्याच्या नळ्यांवर घासला जातो तिथे आधी विरतो, मग चिकटपट्ट्या लागतात, आणि एका वादळी रात्री फाटतो. पाच-सात वर्षांनी हे होणार हे पहिल्याच दिवशी ठाऊक असते. तरी कागद फाटल्यावर मदतीची आवाहने निघतात, जणू काही संकट कोसळले. दरवर्षी त्या किमतीचा पाचवा हिस्सा बाजूला काढला असता तर आवाहनाची वेळ आली नसती. अनुदानातून आलेल्या वस्तूंचे तर जास्तच होते. फुकट आली म्हणून तिचा घसारा कोणी मनात धरत नाही, आणि ती मोडली की नव्या अनुदानाचा शोध सुरू होतो. अनुदानावरचे अवलंबन कुठे तयार होते असे विचाराल तर ते इथे होते.

याच कारणाने ‘सामाजिक परतावा’ नावाचा जो नवा हिशेब निघाला आहे, तोही मला सावधपणे घ्यावासा वाटतो. एका पौंडामागे समाजाला इतके पौंड मिळाले, असे त्यात दाखवतात. शेतावर येणाऱ्या शाळकरी मुलांना मटारची शेंग वेलीवर दिसते, एकट्या पडलेल्या माणसाला आठवड्यातून एक दिवस सोबत आणि काम मिळते. हे मोलाचे आहे आणि त्यासाठी सरकारने, आरोग्य खात्याने पैसे दिलेच पाहिजेत. पण ते पैसे त्या कामाचे. गाजर पिकवणाऱ्याचा पगार शाळेच्या सहलींतून निघू लागला, तर सहली कमी झाल्या त्या वर्षी गाजराचे काय? भाजीचा हिशेब वेगळा आणि शिक्षण-आरोग्याचा वेगळा, अशा दोन पानांवर मांडावा. भाजीचे पान भाजीच्या हप्त्यावर मिटले पाहिजे. मिटत नसेल तर ती बातमी सभासदांना मिळायला हवी.

हे जमते का? जमते, पण त्यासाठी वार्षिक हिशेबावर भांडवलाचा बोजा नको. श्रॉपशायरमधले फोर्डहॉल फार्म याचे ठळक उदाहरण. आर्थर हॉलिन्स यांनी रासायनिक खते सोडून सांभाळलेले हे शेत कुळवहिवाटीचे होते आणि ते हातचे जाण्याची वेळ आली. त्यांच्या मुलांनी, शार्लट आणि बेन यांनी, 50 पौंडांचा एक भाग काढून लोकांना साद घातली. सुमारे 8,000 लोकांनी भाग घेतले आणि 2006मध्ये 8 लाख पौंडांना जमीन समाजाच्या मालकीची झाली. जमिनीची मालक आहे ती कंपनी नव्हे, सहकारी घराण्यातली संस्था. भागांवर लाभांश नाही. शेत चालवणारे संस्थेला भाडे देतात. आता हीच रक्कम कर्जाऊ काढली असती तर? नुसते 5 टक्के व्याज धरले तरी वर्षाला 40,000 पौंड, मुद्दल वेगळे. तेवढे व्याज भरून आपला पगार काढणे कुठल्याही लहान शेताला अशक्य आहे. जमिनीसाठी एकदाच, परताव्याची अपेक्षा नसलेला पैसा आणि चालू खर्चासाठी दरवर्षी खाणाऱ्यांचा पूर्ण हप्ता, अशी विभागणी केली तर या शेताला अनुदानाच्या दारात दरसाल उभे राहावे लागत नाही.

हप्त्याची दुसरी ताकद एप्रिल-मेमध्ये कळते. तिकडे त्या काळात हिवाळ्यातली भाजी संपलेली असते आणि नवी अजून तयार नसते. पिकवणारे त्याला ‘हंग्री गॅप’ म्हणतात. खोक्यात साठवणीतले बीट, शेवटची लीक, थोडी पालेभाजी. बाजारात विकणाऱ्याचा गल्ला या दिवसांत रिकामा असतो आणि नेमके तेव्हाच रोपांचे, मजुरीचे काम ऐन भरात असते. सभासदाचा हप्ता मात्र ऑगस्टइतकाच येतो. आपल्या शेतकऱ्याला पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे किंवा पीककर्जाच्या रांगेत जावे लागते, ते समाजशेतीत खाणाऱ्याच्या आगाऊ पैशाने टळते.

आपल्याकडे असे काही उभे करायचे तर कायद्याचे घर नीट बसत नाही. 2002मध्ये आलेल्या उत्पादक कंपनीत सभासद फक्त उत्पादक. भाजी खाणाऱ्या कुटुंबाला तिथे जागा नाही. कंपनी कायद्याच्या कलम 8मधली कंपनी लाभांश मुळीच देऊ शकत नाही. पिकवणारा आणि खाणारा दोघेही मालक, मर्यादित लाभांश आणि मालमत्तेला कुलूप, असा कंपनीप्रकार आपल्या कायद्यात यायला हवा. ती मागणी शेतकऱ्यांच्या आणि ग्राहकांच्या संघटनांनी मिळून करावी.

आणि ब्रिटनमध्ये राहणारे जे मराठी वाचक अशा शेतांचे सभासद आहेत, त्यांना एक विनंती. वार्षिक सभेला जा. शेवटची ओळ नंतर बघा, आधी पगाराची ओळ बघा आणि प्रत्यक्षात किती तास काम झाले ते विचारा. घसाऱ्याची रक्कम बाजूला काढली आहे का, तेही विचारा. पगार तासांच्या मानाने कमी दिसला, तर हप्ता वाढवण्याचा ठराव पिकवणाऱ्याने मांडण्याची वाट पाहू नका. तो तुम्ही मांडा.