राखणदार

दिवाळीत चोरीची गोष्ट सांगू नये, असे आमच्या सौ.चे मत आहे. पण मंडळी, परवा घरी पाहिलेला ‘सिटीलाइट्स’ काही केल्या मनातून जात नाही. चित्रपट २०१४ चा, दिग्दर्शक हंसल मेहता. मूळ कथा ‘मेट्रो मनिला’ या २०१३ च्या चित्रपटाची. मुंबई काय नि मनिला काय, गरिबाच्या वाट्याला येणारे शहर एकच!

राजस्थानातला एक कापडवाला कर्जापायी बायको-मुलीला घेऊन मुंबई गाठतो. घर देतो म्हणून कोणी त्याचे पैसे लांबवतो. बायकोला बारमध्ये नाचावे लागते. याला नोकरी मिळते ती मौल्यवान पेट्या पोचवणाऱ्या गाडीवर, रखवालदाराची. हातात दुसऱ्याची पेटी, घरी चूल थंड. तिथून गुन्ह्याची वाट किती दूर? राजकुमार रावने हा माणूस असा उभा केला आहे, की त्याचा राग येत नाही.

१९५६ च्या ‘जागते रहो’त राज कपूर घोटभर पाण्यासाठी कलकत्त्याच्या एका इमारतीत शिरला, तर लोक ‘चोर चोर’ म्हणून त्याच्यामागे धावले. अठ्ठावन्न वर्षांनीही तहान तीच, धावणारेही तेच.

आमच्या इमारतीचा रखवालदार वाशीम जिल्ह्यातला, मानोऱ्याकडचा. अकोल्यातून १९९८ साली वेगळा झालेला हा जिल्हा. शेती बव्हंशी पावसाच्या भरवशावर. भाव पडला की उधारी फिटत नाही, मग माणूस अकोल्याला येऊन मुंबईची गाडी धरतो.

त्याला चित्रपटाची गोष्ट सांगून मी विचारले, “काय भाऊ, चुकलाच ना तो?”

तो जरा वेळाने म्हणाला, “चुकला तं चुकला, सायेब. पन घराचे पैसे ज्यानं खाल्ले, थो कुठी गेला थे नाही सांगतलं तुमी.”

खरेच, तो माणूस माझ्या ध्यानातही राहिला नव्हता!

सोयाबीन काढायला याने दिवाळीच्या सुमारास आठ दिवसांची रजा मागितली होती. ‘चोऱ्यांचे दिवस आहेत’ म्हणून सोसायटीच्या सभेने ती नाकारली. वर गेलेल्या हातांत एक माझाही होता.

आता सेक्रेटरींना सांगणार आहे, त्याला जाऊ द्या. फाटकावर आम्ही आळीपाळीने बसू. सौ. म्हणतात, “तुम्हाला तर नवालाच झोप लागते!”

लागेल. पण त्याचे पीक तरी घरात येईल.