परसात येणारी हरणे आणि गावाचे कर्तव्य

रब्बीचा हरभरा उगवून चार पानांवर आला की सोलापूर, अहिल्यानगर व नाशिक जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यांत काळविटांचे कळप शिवारात उतरू लागतात. पुढे उन्हाळ्यात माळ करपला म्हणजे तेच कळप वस्तीलगत येतात आणि गोठ्यामागील वैरणीपर्यंत, परसातील भाजीच्या वाफ्यापर्यंत त्यांची मजल जाते. मुलांना त्याची मौज वाटते. घरधन्याला मात्र रात्र जागून काढावी लागते. ह्या प्रश्नावर गावात दोन मते ऐकू येतात. हरणे फार माजली, ती मारण्यास सरकारने मोकळीक द्यावी, असे एक मत. मुके जनावर दाराशी आले, त्याला दाणापाणी द्यावे, हे दुसरे. दोन्ही मतांमागील भावना समजण्याजोगी असली तरी दोन्ही मार्गांनी प्रश्न सुटणार नाही.

काळवीट हे माळरानाचे जनावर होय. (शास्त्रदृष्ट्या ते चितळ-सांबरांच्या कुळातले नव्हे, चितळाची शिंगे दरवर्षी गळतात, काळविटाची गळत नाहीत. बोलीत मात्र दोघांनाही हरीणच म्हणतात.) एके काळी त्याच्या संख्येला आळा घालणारे चित्ता व लांडगा हे दोन शत्रू माळावरच होते. कोल्हापूर संस्थानात तर शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविली जात असे. पुढे चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. लांडगा मेंढरांमागे लागतो म्हणून त्याच्यावर माणसाचा राग राहिला व तोही विरळ झाला. १९७२ हे साल महाराष्ट्राचा शेतकरी दुष्काळाचे म्हणून ओळखतो. त्याच साली वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला आणि शिकारीस बंदी आली. त्यानंतर ठिकठिकाणी काळविटांची संख्या पुन्हा वाढली. मात्र ती जेथे चरावयाची ती गायराने त्याच काळात नांगराखाली गेली, ही गोष्ट संख्या वाढली असे म्हणताना सहसा विसरली जाते.

मारण्याच्या मागणीसंबंधी कायदा काय आहे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने लोकांस स्पष्ट सांगावे. काळवीट अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मनुष्याच्या जिवास धोकादायक ठरला, अथवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त झाला, तरच त्याला मारण्याची आज्ञा देता येते. पिकाच्या नुकसानीखातर नाही. बेकायदा शिकारीस तीन ते सात वर्षे कारावास आहे. तेव्हा मोकळीक मिळेल ह्या आशेवर वर्षे घालविण्यात शेतकऱ्याचे हित नाही.

दाणापाणी देण्याचा मार्ग दिसावयास सात्त्विक, पण परिणामी अधिक घातक आहे. वस्तीशेजारी हौद बांधून, धान्य टाकून हरणांस लळा लावला की ती माणसाला भिईनाशी होतात आणि रात्री शेजाऱ्याच्या शेतात शिरतात. पुण्य एकाचे आणि नुकसान दुसऱ्याचे, असा हा व्यवहार होतो. शिवाय वस्तीजवळ आलेल्या कळपावर गावची मोकाट कुत्री तुटून पडतात आणि त्यांच्या तोंडी बहुधा पाडसेच सापडतात. विदर्भात जंगलालगतच्या गावी चितळांची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. चितळाच्या मागावर बिबट्या येतो आणि मग तो केवळ चितळावर थांबेलच असे नाही. पाणवठा करावयाचाच असेल तर तो वस्तीपासून व पिकांपासून दूर, माळाच्या आत करावा.

पाडसांविषयीही असाच गैरसमज आहे. काळविटाची मादी आपले नवजात पाडस गवतात दडवून चरावयास जाते आणि दूध पाजण्यापुरती परत येते. ते एकटे दिसले की अनाथ समजून मुले घरी आणतात. ते अनाथ नसते, आणल्याने होते.

मग उपाय कोणता? खरा उपाय माळावर आहे. कळपाला गायरानातच चारा मिळाला तर त्याला शिवारात येण्याची निकड कमी भासते. परंतु गायरानावर आज एक तर अतिक्रमण होते, नाही तर वृक्षारोपण. मोकळा माळ म्हणजे पडीक जमीन, अशी समजूत होऊन त्यावर सलग झाडे लावणे हे सत्कृत्य मानले जाते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातसुद्धा पूर्वी गिरिपुष्पाची लागवड झालेली आहे. काळविटाला दूरवरचे दिसेल असे उघडे गवताळ रान लागते. दाट लागवडीत ते राहत नाही, बाहेर पडून शेतात येते. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली झाले, त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे एकरांहूनही कमी. एवढ्याशा जागेत कळप कोंडून राहतील ही अपेक्षाच चुकीची. आजूबाजूच्या गावांची गायराने हाच त्या अभयारण्याचा खरा विस्तार होय.

कळप पकडून अन्यत्र नेता येतो, असेही सुचविले जाते. मध्यप्रदेशात शाजापूर भागात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हेलिकॉप्टरच्या साहाय्याने हाकून आठशेंहून अधिक काळवीट पकडण्यात आले व दूरच्या संरक्षित वनांत सोडण्यात आले. हे काम शासनाचे व तज्ज्ञांचे आहे. जाळी लावून हाका घालण्याचा उद्योग गावाने करू नये. भित्रे जनावर धसक्यानेच मरते. आणि मागे उरलेल्या कळपाला गवत नसेल तर काही वर्षांत पुन्हा तोच प्रसंग येणार.

पीक राखण्याच्या साधनांत करडईचा काठ हा जुना व स्वस्त उपाय आजही उपयोगी आहे. ज्वारी-हरभऱ्याभोवती करडईच्या चार ओळी घेतल्यास काटे धरल्यावर त्या जनावरास अडवितात. कोवळी करडई मात्र जनावरे आवडीने खातात, म्हणून तोवर राखण हवीच. सौर कुंपणातून क्षणभरच टिकणारे झटके ठरावीक अंतराने मिळतात. त्याने जनावर बिचकते, मरत नाही. घरच्या विजेचा प्रवाह थेट तारेत सोडणे ही गोष्ट निराळी. अशा तारेने हरणांबरोबर माणसेही मेली आहेत, आणि पुष्कळदा ती त्याच शेतावरची असतात. कठडा नसलेल्या विहिरींचाही विचार व्हावा; कुत्र्यांनी पाठलाग केलेले काळवीट रात्री विहिरीत पडते आणि पाणीही नासते.

नुकसान झाल्यावर बहुतेक शेतकरी तक्रारच करीत नाहीत. थोडक्यासाठी कोण हेलपाटे घालणार, असे म्हणून ते सोडून देतात. हे समजण्यासारखे असले तरी योग्य नव्हे. हरणांनी केलेल्या पीकहानीस महाराष्ट्रात शासनाकडून भरपाई मिळते, आणि त्यासाठी तीन दिवसांच्या आत वनरक्षक अथवा वनपालाकडे तक्रार द्यावी लागते. ज्या गावातून एकही तक्रार गेली नाही त्या गावात कागदोपत्री नुकसान झालेलेच नसते. मग कुंपणाची योजना आली तरी ती दुसऱ्या गावी जाते. कार्यकर्त्याने दोन कोरे अर्ज नेहमी पिशवीत ठेवावे व लिहिता न येणाऱ्यास तेथेच भरून द्यावे.

तक्रारीबरोबर मोजणीही हवी. कळप वाढला की केवळ जवळ आला, हे अंदाजाने सांगता येत नाही. मादीला एका वेळी एकच पाडस होते, म्हणून माद्यांच्या मानाने पाडसे किती ह्यावरून वाढीचा कल चांगला कळतो. महिन्यातून दोनदा, त्याच माळावर, सकाळी उजाडताना शाळेतील मोठ्या मुलांकरवी ही मोजणी सहज करता येईल. नर, माद्या व पाडसे ह्यांचे आकडे वेगळे लिहावे, पिकाचे नुकसान त्याच वहीत तारखेसह नोंदवावे, आणि पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत गायरानाचा कोणता भाग गवतासाठी राखावयाचा हा विषय निघेल तेव्हा ती वही सभेपुढे ठेवून तिची एक प्रत वनरक्षकास द्यावी.