बागेत कोण बसते, तेही मोजा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सत्तरी ओलांडलेल्या एक काकी दर आठ-दहा दिवसांनी माझ्या दवाखान्यात येत. तक्रार ठरलेली. छातीत धडधडते, रात्री झोप नाही, जेवण जात नाही. ई.सी.जी. काढला, रक्त तपासले, थायरॉईडही पाहिले. सगळे वयाच्या मानाने बरे होते. रक्तदाबाची गोळी चालू होती आणि ती पुरेशी होती. यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेले, मुलगा-सून मुंबईला, नातवंडे मे महिन्यात दहा दिवस येणार. मी सवयीने सांगितले, "काकी, सांजच्या येळाक जरा भायर पडा, फिराक जावा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनू, जावचा खंय? रस्त्यार गाडयो, आणि दमलंय तर बसाक जागा खंय आसा?"

मला उत्तर देता आले नाही. "रोज अर्धा तास चाला" हे मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे रुग्णांच्या चिठ्ठीवर लिहीत आलो आहे. कुठे चाला, हे मात्र एकदाही लिहिले नव्हते.

आता वाचक म्हणतील की हा डॉक्टर मुंबई-पुण्याचे प्रश्न आपल्या माथी मारतो आहे. कोकणात हिरव्याचा काय तोटा? परड्यात माड-पोफळी, मागे डोंगर, पुढे दर्या. खरे आहे. पण ही हिरवळ कोणाची, हेही पाहिले पाहिजे. बहुतेक ती कोणाच्या तरी गडग्याच्या, अलीकडे चिऱ्याच्या उंच कंपाउंडच्या आत असते. मुंबईच्या मालकाचे घर अकरा महिने कुलूपबंद, आणि आतला फणस रस्त्यावरून नुसता बघायचा. समुद्रकिनारा सर्वांचा आहे, पण गुडघे दुखणाऱ्या बाईने रेतीतून किती चालायचे? आणि मे महिन्यात, दिवाळीत चिवल्यावर किंवा रॉक गार्डनला जी गर्दी होते ती पाहुण्यांची. ती व्हायलाच हवी, त्यावर गावाचे पोट आहे. पण त्या गर्दीत आपल्या वाडीतली म्हातारी दिसते का, ते एकदा पाहून यावे.

आपल्या जिल्ह्यात ही बाब जास्त महत्त्वाची आहे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ साली ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. देश वाढत असताना आपण कमी झालो. गेले ते बहुतेक तरुण, राहिले ते आईबाप. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली सांगितले की जगात दर सहा माणसांमागे एकजण एकाकीपणाने त्रस्त आहे. माझ्या बाकावर दुपारी बसलेल्या रुग्णांकडे पाहून मला हे प्रमाण आपल्याकडे तरी कमीच वाटते.

झाडांचा आणि प्रकृतीचा संबंध लावणे ही काही कवीकल्पना नव्हे. १९८४ साली रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने एका इस्पितळातली दहा वर्षांची जुनी कागदपत्रे काढली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण निवडले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने सुमारे पाऊण दिवस लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदनेची जबर औषधे कमी लागली. नुसत्या दिसण्याने एवढे!

तरी मी पहिल्यापासून शंकेखोर माणूस. २०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून असे प्रसिद्ध झाले की आठवड्यातून निदान दोन तास निसर्गात घालवणारे लोक स्वतःची प्रकृती चांगली असल्याचे अधिक सांगतात. वाचून माझ्या मनात लगेच आले की ज्याची प्रकृती चांगली तोच ना बागेत जाणार? अंथरुणाला खिळलेला कुठून जाईल? बागेमुळे माणूस बरा, की बरा म्हणून बागेत, हे अशा पाहणीतून कळत नाही.

या शंकेचे बरेचसे उत्तर फिलाडेल्फिया शहरातल्या एका प्रयोगाने दिले. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या ५४१ ओसाड, कचऱ्याने भरलेल्या मोकळ्या जागा घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे तीन गट केले. काही ठिकाणी कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली. काही ठिकाणी फक्त कचरा काढला. बाकीच्या जशा होत्या तशाच ठेवल्या. आजूबाजूच्या रहिवाशांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले. जिथे हिरवळ केली तिथे मन खिन्न असल्याचे सांगणाऱ्यांत ४१ टक्क्यांहून अधिक घट दिसली. नुसता कचरा काढला तिथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कारंजे नाही, रंगीत दिवे नाहीत, पुतळा नाही. गवत, चार झाडे आणि बुटके लाकडी कुंपण, एवढ्यावर हे झाले.

आता आपल्याकडचे पाहू. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे नगरपरिषदांच्या हद्दीत दर पाच वर्षांनी झाडांची गणना व्हावी अशी तरतूद आहे. २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियानात गावे-शहरे स्पर्धेत उतरली, वृक्षारोपणाला जोर आला. उत्तमच. पण झाड मोजले म्हणजे सावली मोजली असे होत नाही, आणि सावलीत कोण बसले हे तर त्याहून वेगळे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा घरांचे, बागायतींचे पंचनामे झाले. रस्त्याकडेचे जे एक झाड पडल्याने चार म्हाताऱ्यांचा संध्याकाळचा अड्डा मोडला, त्याचा पंचनामा कोण करणार?

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. अठरा हजार वस्तीच्या गावाला, म्हणजे मालवणएवढ्या गावाला, हा हिशेब १८ हेक्टरांच्या, पंचेचाळीस एकरांच्या घरात जातो. आता एवढी जमीन आणायची कुठून, आणि आणली तरी ती गावाच्या एका टोकाला असेल तर धुरीवाड्यातल्या आजीला तिचा काय उपयोग? म्हणून मला जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१६ साली सुचवलेले माप अधिक पटते. घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीवर, अर्धा ते एक हेक्टरची हिरवी जागा असावी. आपल्याला अर्धा हेक्टर जमणार नाही. मी म्हणतो, दोन गुंठे असू द्या, पण पाच मिनिटांवर असू द्या.

आणि असे काही करायचे ठरले तर आधी मोजावे. त्याला यंत्रे लागत नाहीत. महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले, एक वही आणि पेन्सिल पुरे. काम सुरू करण्यापूर्वी त्या जागेवर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, आठवड्यातले चार दिवस, त्यात एक आठवडा बाजाराचा आणि एक रविवार धरून उभे राहायचे. किती पुरुष, किती बाया, किती पोरे, किती म्हातारी, आणि त्यातली किती बसली, किती चालली, किती दुसऱ्याशी बोलली, एवढे लिहायचे. जिथे काहीच करायचे नाही अशा एका वाडीतही तसेच मोजायचे, म्हणजे तुलना होईल. वर्षाने पुन्हा त्याच महिन्यात मोजायचे. पावसाळ्याची मोजणी वेगळी ठेवावी, नाहीतर जूनची मेशी तुलना करून बाग फसली असे कोणीतरी जाहीर करील.

मनाचे मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची साधी पद्धत आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत होते का, अंगात उत्साह होता का, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटले का, दिवसभरात मन रमेल असे काही होते का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. पंचवीसपैकी तेराच्या खाली बेरीज आली तर त्या माणसाशी डॉक्टरने नीट बोलावे. रक्तदाब मात्र बागेत मोजत बसू नये. तो जिना चढल्याने, चहा प्यायल्याने आणि डॉक्टर दिसल्यानेही वर जातो.

एका संध्याकाळी मीच जिल्ह्यातल्या एका शहराच्या बागेत वही घेऊन बसलो. गाव सांगत नाही. पुरुषांच्या रेघांना एक पान पुरले नाही. बायका एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही पोरांच्या मागे धावणाऱ्या. स्वतःसाठी बसलेली एकही नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. बाके होती ती उन्हात, सगळीकडे पेव्हर ब्लॉक, स्वच्छतागृहाला कुलूप, आणि आडोशाच्या कोपऱ्यात दिवा बंद. बाईमाणूस सात वाजता तिथे कशाला थांबेल? हे आकडे ठेकेदाराच्या बिलात येत नाहीत, आणि उद्घाटनाच्या फोटोतही दिसत नाहीत.

जाता जाता झाडांविषयी थोडे. बाकाजवळ माड लावू नये. नारळ डोक्यात पडून आलेला रुग्ण ज्याने पाहिला तो हे विसरत नाही. गुलमोहर दिसायला सुंदर, पण वादळात त्याच्या फांद्या कडाकडा मोडतात. आपल्याकडे उंडी आहे, ओवळ आहे, आंबा आहे. वाढायला वेळ घेतात, पण किनाऱ्याचा वारा सोसतात.

त्या काकींचे पुढे काय झाले? त्यांच्या घराजवळच्या वळणावर, ओवळीच्या झाडाखाली, शेजारच्या मुलांनी जुने बाकडे आणून टाकले. तिथे आता संध्याकाळी तिघी-चौघी बसतात. काकी हल्ली महिन्यातून एकदा येतात. हा गुण ओवळीचा, बाकड्याचा की गजालींचा, हे मला सांगता येणार नाही, कारण मी आधी काहीच मोजले नव्हते. परवा आल्या त्या गोळ्या संपल्या म्हणून. झोपेचे विचारले तर ते बाजूलाच राहिले आणि म्हणाल्या, "पावसात बाकडा भिजता, डॉक्टरांनू. वर पत्रो घालूक कोणाक तरी सांगा." कोणाला सांगायचे, त्याची चौकशी मी करतो आहे.