तीच ठुमरी, दुसरा गळा

एकच गाणे दोघांच्या गळ्यातून ऐकणे म्हणजे काही लोकांच्या मते एकाच मापाच्या दोन कढया घरात बाळगणे. एक वापरायची, दुसरी माळ्यावर! केबिन रोडवरच्या आमच्या इमारतीतील एक आजोबा मला नेहमी बजावतात, "प्रोफेसर, खाँसाहेबांची भैरवी ऐकलीत ना? मग तीच दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकायची?"

विलायतेतील रसिक या प्रश्नाने गोंधळून जातील. व्हॉन विल्यम्स या इंग्रज रचनाकाराची चौथी सिंफनी १९३५ साली प्रथम वाजवून घेतली ती एड्रियन बोल्टने. १९३७ साली खुद्द कर्त्याने वाद्यवृंदापुढे उभे राहून तिचे ध्वनिमुद्रण केले, तेही घोडदौडीच्या वेगाने. पुढे बोल्टनेही तीच मुद्रित केली. स्वर कागदावर लिहिलेले, तरी दोन्ही तबकड्या ताडून पाहणारे आजही आहेत.

आपल्याकडे तर असा कागदच नाही! मग ताडून पाहण्यात केवढी मौज! 'जमुना के तीर' ही ठुमरीच घ्या. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ सालीच निवर्तले. मागे राहिली ती तीनेक मिनिटांची तबकडी. एवढ्या थोड्या वेळातही त्यांना घाई म्हणून नाही. तो बारीक, टोकदार आवाज स्वराला हलकेच लागतो आणि काळीज हलवतो.

आता भीमसेन जोशी ऐका. त्यांचे गुरू सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचेच शिष्य, म्हणजे नाते नातवाचे. पण गळा भारदस्त, दमसास दांडगा, आणि मैफलीत तबकडी संपण्याचा धाक नाही. खाँसाहेब विनवतात, भीमसेन हाक मारतात. शब्द तेच, राग तोच, दुःख मात्र ज्याचे त्याचे.

खाँसाहेबांचीच एक तबकडी ऐकून अकरा वर्षांच्या भीमसेनांनी १९३३ साली गदगचे घर सोडले. आजोबांचा न्याय त्यांनी मानला असता, तर "खाँसाहेबांनी गायलेच आहे, आता मी कशाला?" म्हणून ते घरीच बसले असते! तबकडी गाणे जपून ठेवते खरी. पण त्याचा वंश पुढे चालतो तो दुसऱ्याने आपल्या जिवाने पुन्हा गायल्यावरच.

तेव्हा या दिवाळीत एवढे कराच. फराळाची ताटे आवरली की मोबाइलवर आधी खाँसाहेब लावा, मग भीमसेन. श्रेष्ठ कोण, हा निकाल देऊ नका. शेजारच्या घरची चकली पुढे आली, तर "आईच्या हातची खाल्ली आहे, आता पुरे" असे आपण कुठे म्हणतो?