मावशी, कॅमेरा आणि आपण

पोरगी झोपलीये, तेवढ्यात लिहून घेतो.

आम्ही दोघंही नोकरीवाले, त्यामुळे सव्वा वर्षाची पोरगी दिवसभर मावशींजवळ असते. दोन महिन्यांपूर्वी हॉलमध्ये कॅमेरा लावला, मावशींना न सांगता. शंका काहीच नव्हती. ऑफिसात सगळ्यांनी लावलाय म्हणून आपणही लावला, बस.

चार दिवस मोबाईलवर बघत बसलो. (मॅनेजरला सांगू नका!) मावशी पोरीशी अखंड बोलतात. ती झोपली की पंख्याखाली घटकाभर पाठ टेकतात. अडीच वाजता डबा उघडतात, दोन घास खाल्ले की ही उठते आणि डबा बंद. हे बघताना चोर आपणच आहोत असं वाटायला लागलं.

पाचव्या दिवशी सांगून टाकलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "आधी सांगतलं असतं त मी काय नाही म्हटलं असतं का दादा?"

यावर काय बोलणार?

आता दुसरी बाजू. २०२२ मध्ये शेजारच्या जबलपूरला एका जोडप्याने लपवून कॅमेरा लावला, तेव्हा कळलं की सांभाळणारी बाई दोन वर्षांच्या मुलाला मारते. तो कॅमेरा शंभर टक्के बरोबर होता. पण तिथे मूल कोमेजलं होतं, डॉक्टरकडे न्यावं लागलं होतं. म्हणजे शंकेला कारण होतं. अशा वेळी गुपचूप पुरावा घ्या आणि थेट पोलिसांत जा.

आणि २०१६ चं खारघर आठवतंय? त्या पाळणाघरात कॅमेरा होताच. तरी दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली. फुटेज बघितलं गेलं ते नंतर. कॅमेरा मारणारा हात धरत नाही हो. दोन्हीकडे पहिली खूण मिळाली ती मुलाकडे बघून, स्क्रीनकडे बघून नाही.

कायदा आपल्याला अडवणार नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला (त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते), पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती वापर वगळलाय. म्हणजे ठरवायचं आपणच. कंपनीने न सांगता लॅपटॉपवर स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर टाकलं तर आपण केवढे बोंबलू! मग मावशींनी का ऐकून घ्यायचं?

माझं मत सोपं आहे. कारण नसेल तर लपवून लावू नका. लावायचाच असेल तर पहिल्या दिवशी सांगा, कुठे लावलाय ते दाखवा, फुटेज कोणालाही फॉरवर्ड करू नका. आणि हो, पासवर्ड बदला, नाहीतर तुमचं घर भलताच कोणी बघत बसायचा. संध्याकाळी घरी आल्यावर पाच मिनिटं मावशींशी बोला, पोरीला नीट बघा.

आमचा कॅमेरा आहे अजून, मावशींना माहीत असलेला. मी फारसा बघत नाही. एक मात्र केलंय, दुपारी अडीचला बायको किंवा मी व्हिडिओ कॉल करून पोरीला पंधरा मिनिटं गुंतवतो. मावशींचं जेवण होतं तेवढ्यात.

असो. उठली वाटतं.