प्रवासी श्वसनयंत्र : हलके की योग्य?

स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णाला सीपॅप यंत्र लिहून दिले, हवेच्या दाबाचा आकडा ठरला, की उपचाराची आखणी पूर्ण झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा रुग्ण लग्नकार्याला पुण्यास जाईल, केदारनाथला जाईल, मुलाकडे परदेशी जाईल, याचा उल्लेख आपल्या चिठ्ठीत क्वचितच असतो. परिणामी एक तर यंत्र घरीच राहते, नाहीतर विक्रेत्याने 'सर्वांत लहान' म्हणून पुढे केलेले दुसरे यंत्र विकत घेतले जाते. माझ्या मते हे दोन्ही मार्ग अयोग्य आहेत.

सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही उपचारपद्धती प्रथम मांडली. सीपॅप आजार बरा करीत नाही. ते चालू असेतोवरच श्वासमार्ग उघडा राहतो. यंत्र थांबले की काही रात्रींतच घोरणे, गुदमरणे आणि दिवसाची झापड परत येते. असा प्रवासी परतताना स्वतः मोटार चालवीत असेल, तर धोका त्याच्यापुरता मर्यादित राहत नाही.

आता निवडीविषयी. घरचे यंत्र साधारण सव्वा किलोचे, तर एअरमिनीसारखे प्रवासी यंत्र सुमारे ३०० ग्रॅमचे असते. हा फरक मोहात पाडणारा आहे. परंतु त्यात पाण्याची टाकी नसते, बॅटरी आत नसते आणि ठरावीक मास्कच जोडता येतात. महिन्यातून अनेक रात्री बाहेर काढणाऱ्यास ते अवश्य घ्यावे. वर्षाकाठी दोनदा गावी जाणाऱ्यास मात्र घरचेच यंत्र आणि त्याला जुळणारी बॅटरी पुरेशी आहे. नवे यंत्र घेतलेच, तर आपल्याच मास्कवर व आपल्याच दाबावर ते आधी काही रात्री घरी वापरून पाहावे. नातेवाइकाकडे पडून असलेले यंत्र तर तपासल्याशिवाय वापरूच नये. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतील फोम झिजण्याच्या कारणावरून परत मागविलेल्या यंत्रांत 'ड्रीमस्टेशन गो' हे प्रवासी यंत्रही होते.

वजनापेक्षा विजेचा प्रश्न मोठा आहे. पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत डब्यातील चार्जिंगचे प्लग बंद ठेवण्यास आरंभ केला. म्हणजे नेमक्या झोपेच्या वेळी प्लगवर भिस्त ठेवता येत नाही. बॅटरीवर असताना पाणी तापविणारा भाग बंद ठेवल्यास ती बराच अधिक वेळ टिकते. विमानात सुटी लिथियम बॅटरी हातातील सामानातच न्यावी लागते; १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. आणखी एक गोष्ट उंचीची. अनेक यंत्रे सुमारे २,५०० मीटरपर्यंतच वापरण्यासाठी बनविलेली असतात. लेह आणि केदारनाथ ही दोन्ही ठिकाणे सुमारे ३,५०० मीटरवर आहेत.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक इशारा द्यावासा वाटतो. मुलांमध्ये या विकाराचे प्रमुख कारण वाढलेले टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड हे असून बहुतेकांना शस्त्रक्रियेने आराम पडतो. डाउन सिंड्रोम, स्नायूंचे विकार किंवा अतिलठ्ठपणा असलेल्या काही मुलांना यंत्र लागते. परंतु एअरमिनी ३० किलोंहून अधिक वजनाच्या रुग्णांसाठीच आहे. घरातील मोठ्यांचे लहानसे यंत्र 'प्रवासापुरते' बालकास लावणे सर्वथा वर्ज्य समजावे. ज्या मुलाला स्वतः मास्क काढता येत नाही, त्याला नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लावल्यास उलटी श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

तेव्हा माझी सहव्यावसायिकांना विनंती एवढीच की, सीपॅप लिहून देताना रुग्णास 'प्रवास किती, कोठे आणि कशाने?' हे तीन प्रश्न विचारावेत, आणि दाब, मास्कचा प्रकार व यंत्राची गरज नमूद केलेले एक पत्र त्याच्या हाती द्यावे. विमानतळावर ते उपयोगी पडेल. परगावच्या डॉक्टरांनाही मार्गदर्शक ठरेल. यंत्राची निवड विक्रेत्याच्या दुकानात नव्हे, आपल्या तपासणीच्या खोलीत व्हावयास हवी.